मला सोडून सगळ्यांना माहीत होतं

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी मोठ्या आजारातून उठलं की त्याला रविवारी पुढं बोलावतात आणि साक्ष द्यायला लावतात. देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, शेवटी 'प्रभूची स्तुती असो' म्हणायचं, लोक टाळ्या वाजवतात आणि मग चहा. मलाही बोलावलं. तीन मिनिटं देतो म्हणाले. मी म्हटलं, तीन मिनिटांत माझा राग सांगून होणार नाही, देवाचं कधी सांगू? त्यापेक्षा लिहून काढते. तेच हे. ज्या बाईला नुकतंच कळलंय आणि जिला येणारा-जाणारा 'शांत राहा, शांत राहा' म्हणतोय, तिच्यासाठी लिहिलंय. बाई, शांत राहू नका. मी राहिले नाही, तरी उपचार पुरे झाले आणि डोक्यावर केसही परत आलेत.

माझं नाव करुणा. वय त्रेपन्न. राजारामपुरीत घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते, त्याला तीस वर्षं झाली. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत आहेत. एकच मुलगी, स्मिता, लग्न होऊन पुण्यात असते. आवाज माझा मोठा आहे. गल्लीच्या ह्या टोकाला बोलले की त्या टोकाला कळतं, असं मिस्टर म्हणतात. त्या आवाजानंच माझा घात केला.

चिठ्ठी

आमच्या चर्चच्या दारात एक लाकडी पेटी असते. ज्याला जे मागायचंय ते त्यानं आत येताना चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. नाव घालायची सक्ती नाही. मुलाची नोकरी, सासूचा गुडघा, घरातली भांडणं, काय वाट्टेल ते असतं. उपासनेच्या मध्ये त्या चिठ्ठ्या माइकवर वाचायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. अकरा वर्षं त्या चिठ्ठ्या मी वाचत होते, आवाज मोठा म्हणून.

डाव्या स्तनात गाठ होती म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो होतो. फोटो काढले, सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. शुक्रवारी रिपोर्ट आणायला मिस्टर एकटेच गेले. आल्यावर म्हणाले, "साधी गाठ आहे. पण काढून टाकलेली बरी, म्हणतात." मी एका ब्लाउजला हुक लावत होते. 'बरं' म्हटलं आणि पुढचा हुक घेतला.

त्या रविवारी तरुण संघाची उपासना होती. म्हणजे गाणी, वाचन, चिठ्ठ्या, सगळं कॉलेजची मुलं करणार. मी काही त्या दिवशी माइककडं जाणार नाही, असं मिस्टर धरून चालले आणि येताना त्यांनी पेटीत चिठ्ठी टाकली. चिठ्ठ्या वाचणाऱ्या मुलीला नेमका ताप आला. वेळेवर कुणी मिळेना, तेव्हा संघाच्या पोरांनी मागं वळून मला हाक मारली, "काकू, या की!" मी आपली पदर सावरून गेले.

तिसरी की चौथी चिठ्ठी होती. 'एका बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला आहे. तिला अजून सांगितलेले नाही. तिच्या पतीला धीर मिळावा म्हणून प्रार्थना करावी.'

वाचून मी 'अगं बाई' म्हटलं. खरंच म्हटलं, माइकमध्ये. कोण बिचारी असेल, असं मनात आलं. मग अक्षराकडं लक्ष गेलं. अठ्ठावीस वर्षं त्याच अक्षरातली किराणामालाची यादी मी वाचत आलेय. निळं पेन, उजवीकडं वर चढत जाणाऱ्या ओळी.

मान वर केली. मिस्टर चौथ्या बाकावर, नजर पायाकडं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, ते पंख्याकडं बघत होते.

"अहो," मी माइकमध्येच विचारलं, "हे माझं आहे का?"

मिस्टरांनी मान वर केली नाही, नुसती 'हो' म्हणून हलवली. मी चिठ्ठी तिथंच ठेवली, बाहेर आले, रिक्षा केली. कॅन्सर कसा कळला म्हणून लोक विचारतात, तो असा कळला.

भांडण

ते माझ्या मागोमाग घरी आले. मी दार लावून घेतलं नाही, गल्लीनं ऐकलं तर ऐकू दे म्हटलं.

"पाळकसाहेबांना माहीत?"

"शनिवारी सांगितलं."

"स्मिताला?"

"तिला फोन केलता."

"तुमच्या बहिणीला?"

ते चपला काढायला वाकले.

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत! आजार कुणाला झालाय, मला का तुमच्या बहिणीला?"

"तुझं बीपी वाढंल म्हणून..."

"बीपीची गोळी हातात देता आणि कॅन्सर खिशात घालून फिरता?"

"हे बघ, तू अशी ओरडतीस म्हणूनच सांगितलं नाही!"

झालं. माझं डोस्कं फिरलं. कात्री, टेप, खडू, जे हाताला आलं ते भिरकावलं. कात्री लागली नाही, टेप त्यांच्या खांद्यावर लोंबत राहिली आणि ते तसेच उभे राहिले. त्या दिवशी मी ठरवलं, ज्यांनी लपवलं त्यांच्यापैकी कुणाचा हात धरून मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. आणि त्यात देवाचं नाव सगळ्यात वर घातलं. त्याला तर रिपोर्टच्याही आधीपासून माहीत होतं.

सोमवारी एकटीच डॉक्टरांकडं गेले. त्यांनी माझ्या मागं बघितलं. "नातेवाईक कुठायत?"

"मीच माझी नातेवाईक. काय ते मला सांगा."

सांगितलं. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. गाठ बरीच वाढलीय म्हणाले. वाईट वाटलं, पण खरं सांगते, आदल्या दिवसापासून पहिल्यांदा पायाखाली जमीन आली.

भेटायला येणारी माणसं

आजारापेक्षा भेटायला येणाऱ्यांनी जास्त छळलं. एक बाई पपईच्या पानांचा रस घेऊन आली आणि मी तो पिते का नाही ते बघत बसली. एकीनं विचारलं, "काही पाप राहिलंय का मनात? कबूल करून टाका." मी म्हटलं, "आहे. आत्ता तुम्हाला हाकलायचं मनात आहे." ती उठली. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे 'देवाची काहीतरी योजना असेल'. मग त्यानं ती योजना मला दाखवावी की! मी कापड कापायच्या आधी गिऱ्हाइकाला गळा किती खोल हवा ते विचारते. ह्यानं मला काही विचारलं?

पाळकसाहेब आले. चांगला माणूस. आधी माफी मागितली, तीही सरळ मागितली, आढेवेढे न घेता. मग म्हणाले, "करुणाताई, देव तुम्हाला आतून-बाहेरून ओळखतो. तुमचा हात धरून तोच तुम्हाला नेतोय."

"ओळखतो, तर सांगितलं का नाही? आणि हात धरून नेतोय तर कुठं नेतोय ते बोलायला काय झालं त्याला?"

"देवावर असं रागावू नये, ताई."

"मी रागावलेय हे त्याला ठाऊक नाही का? तुम्हीच म्हणता, आतून-बाहेरून ओळखतो. मग त्याच्यासमोर गोड बोलून खोटं बोलू?"

त्यांनी चहा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी डोळे उघडे ठेवले. त्यानंतर मी प्रार्थना सोडली. लहानपणापासून एक दिवस चुकला नव्हता, तो आता चुकवायला लागले.

केमोचे दिवस

दर एकवीस दिवसांनी जायचं. फाईल, टोकन, वजन, आदल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट, मग खुर्ची. खुर्चीत बसलं की सहा तास सलाईन. मी रिक्षानं जायची. मिस्टर रजा काढून स्कूटरवरनं रिक्षाच्या मागं यायचे आणि दिवसभर खाली पार्किंगमध्ये बसायचे. वर या म्हणून मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. खिडकीतून मला त्यांचं टक्कल दिसायचं. बसू दे उन्हात, म्हणायची मी.

वॉर्डात साफसफाईला एक मावशी होत्या, सगळे त्यांना आक्काताई म्हणायचे. पहिल्या दिवशी माझ्या सलाईनच्या नळीत लाल औषध सुरू झालं तेव्हा त्या पोछा बाजूला ठेवून जवळ आल्या. "हे लाल पानी हाय न्हवं, ह्यानं लघवी लाल हुती. रक्त हाय म्हनून भिऊ नगासा. केस पंधरा-वीस दिसात जात्यात. त्याच्या आधी आपनच कापून टाका, गळायला लागलं की लई जिवाला लागतंय. नखं काळी पडत्यात. तोंड आलं तर ताक प्या, तिखट नको." एका दमात सगळं सांगून पोछा मारत निघून गेल्या. मला रडू आलं. इतक्या दिवसांत मी न विचारता मला खरं सांगणारं पहिलं माणूस ते. ह्या आक्काताईंचे उपकार मी विसरणार नाही. कितीतरी बायकांच्या फायली त्यांनी उचलल्या असतील, आणि प्रत्येकीला पुढचं असंच सांगितलं असेल.

केस मी स्वतःच कापले, शिवणाच्या कात्रीनं.

सुलाबाई

तिसऱ्या केमोला शेजारच्या खुर्चीत मुरगूडच्या सुलाबाई आल्या. साठीच्या, शेतकरी घरातल्या, हातात हिरव्या बांगड्या आणि बोलायला सैल. आल्या-आल्या त्यांनी माझ्या हातावर फुटाणे ठेवले आणि कागदाच्या पुडीतला चिमूटभर गुलाल दाखवला. "जोतिबाचा हाय. उशाला ठिवा."

"मी ख्रिश्चन आहे, मावशी."

"मग तुमचा देव रागावंल व्हय?"

"त्याचं-माझं बोलणं बंद आहे. रागावला तरी मला कळणार नाही."

त्या खो-खो हसल्या. इतक्या की नर्स बघायला आली. मग पाय वर घेऊन गप्पा मारायला लागल्या. "मला दिवाळीच्या आदीच गाठ घावलीती बगा. पर ऊस कारखान्याला जायाचा हुता, मुकादमाच्या माग पळू का दवाखाना करत बसू? चार म्हैनं गप बसले. कुनाला सांगितलं न्हाय, मालकालाबी न्हाय. आता डाक्टर वराडतोय, बाई, आदी का आली न्हाईस? म्हटलं, व्हय बाबा, चुकलं की माझं. आता काय करतोस, मारतोस व्हय?" आणि पुन्हा हसल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुमी किती दिसानं दावली?"

"मी लगेच दाखवली," मी म्हटलं. "आठवड्यात."

"शानी हायसा बाई तुमी," त्या म्हणाल्या, आणि फुटाणे खायला लागल्या.

जे मी कुणाला सांगितलं नव्हतं

मी खोटं बोलले होते.

गाठ मला आठ महिने आधी लागली होती. आंघोळ करताना, शेंगदाण्याएवढी. दिवसभर बायकांची मापं घेणारी मी, दुसरीच्या अंगात पाव इंचाचा फरक पडला तरी मला टेप न लावता कळतो. मला कळलं नसेल? लगेच कळलं. मी काय केलं, तर काहीच केलं नाही. पुढं ती वाढली, डावी बाजू काचायला लागली, तेव्हा मी माझे चार ब्लाउज काढले, डावीकडची शिवण उसवली आणि सैल करून परत मारली. कुणाला दिसू नये म्हणून आतून अस्तरही लावलं. शिवण इतकी साफ आली की माझं मलाच कौतुक वाटलं. कारण विचाराल तर एकच, मी भ्याले होते. माइकवर ओरडणारी, गल्ली दणाणून सोडणारी बाई एका शेंगदाण्याला भ्याली.

शेवटी दाखवायला गेले ते तरी कुठं स्वतःहून? एक गिऱ्हाईक ब्लाउज घालून बघत होती. हात वर करताना तिचा कोपर नेमका माझ्या गाठीवर बसला. मी अशी किंचाळले की मिस्टर आतून धावत आले. मग सांगावं लागलं. "परवाच लागलीय," असं सांगितलं त्यांना. मग मी काय तोंडानं त्यांना खोटारडे म्हणत होते?

त्या खुर्चीत, सलाईन चालू असताना, शेजारी सुलाबाई घोरत असताना, माझी देवाबरोबरची बोलाचाली परत सुरू झाली. प्रार्थना म्हणवत नाही तिला. मी त्याला शिव्याच घातल्या, मनातल्या मनात. 'तुला माहीत होतं. मी उसवलेली शिवणसुद्धा तुला माहीत होती. मग मला ढकललं का नाहीस? कानाखाली का नाही मारलीस?' आणि तसं विचारताना एकेक आठवायला लागलं. दुसऱ्या महिन्यात एक नर्सबाई ब्लाउज शिवायला आली होती. मापं देता देता तिनं विचारलं, "काकू, तुम्ही स्वतःला तपासता का हो कधी?" मी म्हटलं, वेळ कुठाय. पाचव्या महिन्यात चर्चच्या महिला मंडळानं तपासणीचं शिबिर घेतलं. माझा नंबर पुकारला, तेव्हा मी कांदेपोहे करायला लागते म्हणून स्वयंपाकघरात पळाले. तिथं पोहे करणाऱ्या चारजणी आधीच होत्या. आणि शेवटी तो कोपर.

लोकांना तो हाताला धरून नेतो म्हणतात. मला कोपरानं नेलं. हातानं गेले नसते म्हणूनच ना?

मी किती दिवस ओरडत होते की सगळ्यांना माझं माहीत आणि मला नाही. पण एक गोष्ट अशी होती जी फक्त दोघांना माहीत होती, मला आणि त्याला. आठ महिने त्यानं ती कुणाजवळ बोलून दाखवली नाही. भर चर्चमध्ये मला उघडं पाडलं नाही. माझ्याशी वाकडा वागला नाही, रोजचा श्वास दिला, गिऱ्हाइकं दिली, परत परत कुणाला ना कुणाला माझ्याकडं पाठवत राहिला. लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकले होते, देव तुला पूर्ण ओळखतो. तेव्हा ते मला गोड वाटायचं. त्या दिवशी त्याची लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि मग कधी नव्हे इतकं हलकं वाटलं. ह्याच्यापुढं तोंड लपवायला जागाच नाही, म्हणजे लपवत बसायचं कामच संपलं. राग तसाच होता. राग घेऊनच मी त्याला म्हटलं, 'बरं. आता पुढं कुठं जायचं ते सांग.' उत्तर वगैरे काही आलं नाही. पण कुणाला सांगायचं राहिलंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

सुलाबाई जाग्या झाल्या तेव्हा त्यांना सांगितलं, "मावशी, मी खोटं बोलले. आठ महिने लपवली."

त्यांनी डोळे चोळले. "अगं बया! माझ्या दुप्पट की!" म्हणाल्या. आणि माझा हात धरून ठेवला, सलाईन संपेपर्यंत.

मिस्टरांना सांगितलं

त्याच संध्याकाळी सात वाजले असतील. ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होते. माझ्या आजारानं त्यांना मेथी निवडता यायला लागली होती, देठांसकट, पण यायला लागली होती. मी दारात स्टूल घेऊन बसले. आज नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे माझं मला माहीत होतं. आणि सांगितल्यावर हा माणूस उठून गेला, तर त्याला थांब म्हणायचं तोंड मला नव्हतं. एवढ्या भांडणानंतर आमच्यात जे काही उरलं होतं, तेही जाणार होतं.

"गाठ परवा लागली नव्हती," मी म्हटलं. "आठ महिने आधी लागली होती. मी लपवली. ब्लाउज सैल केले."

त्यांचा हात थांबला.

"आठ महिने?"

"हो."

"आठ महिने!" ते उठले. मेथीची परात पायानं उडाली, पाला सगळ्या फरशीवर. अठ्ठावीस वर्षांत हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला. "आठ महिने तू माझ्याशेजारी झोपत होतीस! माझ्या हातचा चहा पीत होतीस! मी दोन दिवस लपवलं तर तू मला आख्ख्या चर्चमधी उभा जाळलास! आणि तू? डॉक्टर म्हणतोय गाठ वाढलीय, वाढलीय, मी त्याला भांडलो, म्हटलं आठवड्यात कशी वाढंल? लाज वाटली न्हाय तुला?"

शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. ते बोलले ते सगळं खरं होतं. त्यांनी हेल्मेट घेतलं, दार आपटलं, स्कूटर सुरू झाली आणि गेली.

मी खाली बसून मेथी गोळा केली. केमोच्या दिवशी वाकवत नाही, म्हणून बसून बसूनच सरकत होते. देवाला एवढंच म्हटलं, 'तुला माहीत असूनही तू राहिलास. ह्यांना आत्ताच कळलंय. सांभाळ.' तेवढं मात्र मी त्याला नीट मागितलं, राग न करता.

पाऊण तासानं स्कूटर वाजली. ते दारात येऊन उभे राहिले. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं, काच खाली ओढलेली. त्यातून आवाज दबका येत होता, म्हणून मला आधी कळलंच नाही की ते रडतायत.

"आठ महिने," ते म्हणाले, "एकटीच भीत बसलीस होय गं?"